पाठीत गेलेला बार

बंदूक आमच्या मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. येलदरीकडच्या आमच्या शेतात रानडुकरं घुसून भुईमूग उकरायची, म्हणून पीक राखायला परवाना मिळालेला. जुनी दुनळी. डुकरं पळवायला एकदोनदा मीही ती उडवली होती. परवान्यावर माझं नाव नव्हतं आणि त्याने काही बिघडेल असं कधी डोक्यात आलं नाही. मी गावच्या अंगणवाडीची सेविका. कायदा म्हणजे माझ्या लेखी पोषण आहाराचं रजिस्टर.

चुलत दिराचं शेत आमच्या बांधाला लागून. आमची गाडीवाट त्याच्या शेतातून जायची, ती त्याने नांगरून टाकली. मालकांनी तहसीलमध्ये अर्ज केला, निकाल आमच्या बाजूने लागला. त्यानंतरच्या रविवारी, भर दुपारी, तो कुऱ्हाड घेऊन आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर आला. बरोबर दोन मेहुणे, काठ्या घेतलेले. मालक बैलांना पाणी दाखवत होते. मी आखाड्याच्या पत्र्याखाली भाकरी सोडत होते.

"वाट पाहिजे का तुला? घे वाट!" म्हणत त्याने सरळ घाव घातला. मालकांनी हात आडवा केला. उजव्या हाताची तीन बोटं माझ्यासमोर चिखलात पडली. मेहुण्यांनी काठ्यांनी त्यांना खाली पाडलं. कवटीवर काठी बसल्याचा आवाज मी ऐकला. बैल दावं तोडायला लागले.

मी ओरडत धावले. दीर वळला. "वहिनी, मधी येऊ नका. न्हाईतर तुमालाबी तोडीन."

मी परत फिरले. त्याला वाटलं असेल, घाबरून पळाली. बंदूक पत्र्याखाली खुंटीला होती, काडतुसं डब्यात. दोन्ही नळ्या भरल्या. बाहेर आले तेव्हा त्याची कुऱ्हाड पुन्हा वर गेली होती. पंधरा पावलांवरून मी बार काढला. छर्रे त्याच्या खांद्यात, दंडात घुसले. कुऱ्हाड गळून पडली. मेहुणे काठ्या टाकून उसात शिरले.

दीर दंड धरून पळायला लागला. धडपडत, "मेलो, मेलो" करत. कुऱ्हाड मागेच पडली होती. मालकांच्या डोक्यातून रक्त वाहत होतं, डोळे पांढरे झाले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीकडे. आणि दुसरा बार काढला.

तो तोंडावर पडला. पाय झाडत राहिला.

पोलीस आले तेव्हा मी मालकांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. साडी रक्ताने कडक झाली होती. "बाई, बंदूक कुणी उडवली?"

"मी."

"किती बार?"

"दोन."

त्यांनी पंचनामा केला, बंदूक आणि दोन रिकामी काडतुसं जप्त केली. मालकांना आणि दिराला एकाच गाडीतून परभणीला नेलं. मला ठाण्यात. खुनाचा प्रयत्न, शिवाय परवाना नसताना हत्यार चालवल्याचा गुन्हा. "तो मारायला आलता आणि मलाच धरता?" मी विचारलं. जमादार म्हणाले, "त्यालाबी धरलंय. तुमचं काय ते कोर्ट बघील."

जामीन तीन महिन्यांनी मिळाला. नोकरी तोवर गेली होती. मालक वाचले, पण डाव्या कानाने ऐकू येणं गेलं.

खटला उभा राहिला तेव्हा वकील म्हणाले, "पहिल्या बाराची काळजी करू नका. नवऱ्याचा जीव वाचवायचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे. दुसरा घाबरून सुटला म्हणा." मी तसंच सांगितलं. पण डॉक्टरांनी साक्ष दिली की दुसरे छर्रे पाठीतून गेलेत, बरेच लांबून. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की पहिला बार बचावाचा. दुसरा सुटला तेव्हा धोका संपलेला होता, समोरचा नि:शस्त्र पळत होता, म्हणून बचावाचा हक्कही संपलेला. मला एक वर्ष. दिराला चार, मेहुण्यांना दोन-दोन. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांनी कायमचा रद्द केला, कारण मालकांनी ती कुलपात ठेवली नव्हती.

तुरुंगात बायका विचारायच्या, "तू काय केलंस?" मी म्हणायची, "नवऱ्याला वाचवलं." त्यांना पटायचं. मला अर्धंच पटायचं.

दीर सुटून आल्यावर एकदा देवगाव फाट्यावर भेटला. एसटीची वाट बघत काठी टेकून उभा. एक छर्रा कण्याजवळ राहिलाय, डावा पाय ओढत चालतो. मी बाकावर बसलेली; त्याला बसायला जागा नव्हती, तरी मी सरकले नाही. त्याने मला ओळखलं. मग म्हणाला, "वहिनी, पयल्याचं मी काई म्हणत न्हाई. मी कुऱ्हाड घेऊनच आलतो. पर मी पळायलो होतो की."

कोर्टात सांगितलेलं पाठ होतं. घाबरले, बोट आवळलं गेलं. ते ओठांवर आलंही.

"दिसत होतं मला," मी म्हणाले. "मला तुमाला मारायचंच होतं."

त्याने मान हलवली. "मलाबी दादाला मारायचंच होतं," तो म्हणाला. मानवतची गाडी आली. त्याला पायरी चढता येईना. मागच्या माणसाने काखेत हात घालून त्याला वर घेतलं. मी उठले नाही.