चारोळीची मशीन आणि तीन नारळ

आमच्या शेडमागे चारोळीच्या टरफलांचा ढीग आहे. कोणी मुद्दाम रचला नाही, काम चालू होतं म्हणून साचला. हे किस्सेही तसेच!

बाहेर शिकून, डोक्यात समतेचं वारं भरून मी गोंदियाला परतलो, तेव्हा माझ्या शाळेतल्या वर्गातल्या प्रज्ञाने देवरीत चारोळीचं बी फोडायची मशीन बनवली होती. इंजिनिअर ती, कंपनी तिची. मी फक्त गुंतवणूकदारांना स्लाइड्स दाखवणारा. हंगामाआधी दुसरी मशीन उभी राहिली नाही, तर गावातल्या बाया जंगलातून आणलेलं बी यंदाही न फोडताच व्यापाऱ्याला कवडीमोल भावात देऊन टाकणार होत्या. म्हणून फंडिंगची धावाधाव.

*

नागपूरची पहिली मीटिंग. प्रज्ञा वीस मिनिटं बोलली. मग पैसे गुंतवणाऱ्या साहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "दाणा न तुटता टरफल निघतं कसं?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"किती नम्र फाउंडर आहे!" साहेब खूश!

*

पुढचा प्रश्न मात्र थेट तिला. "लग्नानंतर कंपनीचं काय?"

माझं लग्न महिन्यावर आलं होतं. मला कोणी विचारलं नाही.

*

गोंदियातल्या एका राइस मिलवाल्या शेठने तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं.

"पूरा नाम?"

तिने आडनाव सांगितलं. बौद्ध घरातलं आहे, हे कळताच शेठ एकदम मोकळे झाले. "अरे, आप लोगों को तो सरकार देती है! हमारे पास क्यों?"

"आपकी मिल को सबसिडी मिली थी ना, सेठजी?" प्रज्ञा म्हणाली. "वो कौन से कोटे से?"

सांगितलेला चहा आलाच नाही!

*

महिला दिनाला मात्र सगळ्यांना तिची आठवण झाली. एका दिवसात तीन सत्कार! तीन शाली, तीन नारळ, चेक एकही नाही.

मशीनवर काम करणाऱ्या शकुनबाईंनी एकेक नारळ कानाशी हलवून पाहिला. "बाई, आता नारळ फोडाची मशीन बनव!"

*

शेवटी मुंबईच्या एका गुंतवणूकदाराचा फोन आला. प्रज्ञा पाना घेऊन मशीनखाली शिरली होती, म्हणून मी उचलला. पैसे द्यायला ते तयार होते. अट एकच: कंपनीचा प्रमुख म्हणून कागदावर माझं नाव. "तेवढाच लोकांना भरवसा वाटतो हो!"

माझं रक्त उसळलं. बाई, जात, संविधान, सगळं मी त्यांना दहा मिनिटं ऐकवलं आणि ठणकावलं, "असले पैसे आम्हाला नकोत!"

फोन ठेवून मी शकुनबाईंकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवतील असं मला वाटलं होतं. त्या बी निवडत राहिल्या.

प्रज्ञा हात पुसत बाहेर आली. "कोन होतं?"

मी सगळं सांगितलं, भाषणासकट.

"कंपनी कोनाची आहे?" तिने विचारलं.

"तुझी."

"मंग 'नाही' कोन म्हनलं?"