चौथ्या पानाची शेवटची ओळ

साप्ताहिक 'वेशीवर'च्या चौथ्या पानाच्या तळाशी, चहाच्या आणि मलमांच्या जाहिरातींखाली, डोळे ताणून वाचावी लागे अशी एक ओळ असायची. 'हे साप्ताहिक मुद्रक, प्रकाशक व संपादक सौ. सुनीती शामकांत निमगावकर यांनी संगमनेर येथे छापून प्रसिद्ध केले.' ही सौ. सुनीती म्हणजे माझी वहिनी. ती ओळ कुणी वाचत नसे. पेपर दादाचा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, कारण दादा तसं चौकाचौकात सांगत हिंडायचा.

दादा शाळेत मास्तर. मास्तराने पेपर काढायचा नाही असा संस्थेचा नियम. म्हणून नाव बायकोचं. कागदोपत्री एक नाव लागतं, ते दिलं, संपलं. त्यासाठी वहिनीला एस.टी.ने नगरला नेलं आणि मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं. "पेपर तुम्हीच चालवणार ना?" त्यांनी विचारलं. ती "हो" म्हणाली आणि सही करून आली. दादा खुशीत होता. वहिनी मात्र स्वयंपाकघरात आल्या आल्या मला म्हणाली, "इंदू, शपथेवर हो म्हणाले गं मी."

मी हसले. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहून कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. पण वहिनीने ते मनावर घेतलं. प्रुफं निघाली की ती पदराला हात पुसत बाहेरच्या खोलीतल्या छापखान्यात यायची आणि मलमाच्या जाहिरातीसकट चारही पानं वाचायची. "आल्या संपादकबाई!" म्हणून दादा तिची थट्टा करायचा. आमचा खिळे जुळवणारा कंपोझिटर भिमाजी मात्र तिने मान हलवल्याशिवाय पान मशीनवर चढवत नसे.

त्र्याहत्तरच्या चैत्रात साळूबाई आमच्या मागच्या दाराशी येऊन बसली. ती पठारावरची. वर्षानुवर्षं आमच्याकडे तूप घालायची. दुष्काळात म्हशी गेल्या, तशी घरातली सगळी माणसं पाझर तलावाच्या कामावर माती उचलायला लागली. तिथे पोरांना सरकारी सुकडी, म्हणजे गूळ-पिठाचा कोरडा खाऊ, वाटत. त्या दिवशी तिच्याजवळ तुपाचं भांडं नव्हतं आणि नेहमी पदराला धरून असणारी पोरगीही नव्हती.

"सुकडीला वास येत हुता, बाई," ती म्हणाली. "आमी बोललो, तर मुकादम म्हनला, खायची तर खा, न्हाईतर व्हा भाईर. पोरं उपाशी. खाल्ली. लई पोरांना वकाऱ्या झाल्या. माजी गेली, अजून एक गेलं. आता म्हनत्यात, उन्हानं गेली."

वहिनीने तिला जेवायला वाढलं. साळूबाईने भाकरीला हात लावला नाही. जाताना एवढंच म्हणाली, "माजं नाव काढू नका. घरातली सगळी तिथंच कामाला हायेत."

वहिनी दुसऱ्या दिवशी एकटी पठारावर गेली. देवीची ओटी भरायला जाते असं सांगून गेली आणि परत आली ती रुमालात मूठभर सुकडी बांधून. रुमाल सोडला आणि खोलीभर कुबट वास सुटला. दादाने त्याच बैठकीत लेख लिहिला. पेटला की दादा लिहायचा फार छान, ते मी नाकारत नाही. वहिनीने प्रूफ दोनदा वाचलं, साळूबाईचा माग लागेल असं एक वाक्य काढायला लावलं आणि मान हलवली.

अंक हातोहात संपला. पुढच्या आठवड्यात सरकारी जाहिराती बंद झाल्या, कागदाचा कोटा अडला आणि मग एक जीप आमच्या बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. वरून आलेले एक साहेब, बरोबर एक हवालदार. साहेब बोलायला गोड होते. बांगलादेशच्या युद्धात लागलेली आणीबाणी अजून उठलेली नाही, अशा काळात अफवा छापणाऱ्याला भारत संरक्षण कायद्याखाली आत घालता येतं, हे त्यांनी चहा पिता पिता समजावून सांगितलं. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. बातमी कुणी दिली त्याचं नाव, आणि पहिल्या पानावर प्रकाशकाच्या सहीने माफी. "उद्या सकाळी येतो," म्हणून ते गेले. पोरांना काय खाऊ घातलं ते सांगायला युद्धाची आणीबाणी आड येते, हे माझ्या डोक्यात आजही शिरत नाही.

जीप गेली आणि आमच्या दादाचा आवाजच बसला. संस्थेचंही पत्र आलं होतं, आपला या पत्राशी संबंध आहे काय, खुलासा करावा. दादाने पुन्हा बैठक मारली आणि माफीनामा लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुरेख. 'सदर बातमी खोटी व निराधार असून...' कागद त्याने माझ्या पुढे धरला. "तू सांग तिला. एका सहीचा तर प्रश्न आहे."

"तूच कर मग," मी म्हणाले.

"माझी चालत नाही ना!" तो ओरडला. ते खरंच होतं. माफी मागायची तर पेपर आपला आहे हे आधी कबूल करावं लागणार, आणि कबूल केलं की नोकरी जाणार. बायकोचं नाव वापरताना हा हिशेब त्याने केलाच नव्हता. वहिनी आत तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकलं असणार, पण बाहेर आली नाही.

सकाळी साहेब ट्रेडल मशीनशेजारच्या खुर्चीत बसले. भिमाजी दारात उभा होता. साहेबांनी दादाकडे पाहिलं. "बोला मास्तर. कुणी सांगितलं?"

दादाने ओठांवरून जीभ फिरवली. "एक बाई आहे... ती पठारा..."

"अहो," वहिनी म्हणाली. चारचौघांत दादाचं बोलणं तिने त्याआधी कधी तोडलं नव्हतं. ती साहेबांकडे वळली. "त्यांना काय विचारता? खाली नाव माझं आहे."

साहेबांनी खुर्ची फिरवली. "बरं. तुम्ही सांगा."

"मी गेले होते. पोत्यातली सुकडी मी हातात घेतली, वास घेतला. सांगणारी मी आणि छापणारीही मीच."

साहेबांनी दादाचा माफीनामा पुढे सरकवला. "मग इथं सही करा."

वहिनीने तो प्रुफासारखा शेवटपर्यंत वाचला. "यात बातमी खोटी आहे असं म्हटलंय."

"हो."

"पण ती खरी आहे."

"खरं-खोटं आम्ही बघू. तुम्ही सही करा."

"मी नगरला शपथ घेऊन आलेय, साहेब." तिने कागद परत सरकवला.

"मालकांची नोकरी जाईल बाई. विचार करा."

वहिनीने दादाकडे पाहिलं. "कशी जाईल? त्यांचं नाव कुठंच नाही."

दुपारी मशीनला सील लागलं. अंक थांबला आणि वहिनीवर खटला भरला गेला. तो बरीच वर्षं रेंगाळून कागदावरच विझला, तोवर मशीन गंजून गेलं होतं. दादाची नोकरी टिकली. साळूबाई पुन्हा आमच्या दाराशी आली नाही, आणि वहिनीनेही तिला शोधलं नाही. मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या पौषातल्या, कोर्टातल्या एका तारखेचं.

सरकारी वकील हसत हसत उठले. "बाई, तुम्ही नावापुरत्याच ना? खरं सांगा, हा पेपर कोण चालवत होतं?"

कोर्टात बसलेल्या निम्म्या लोकांना उत्तर माहीत होतं. माझ्या शेजारी दादाने पुढच्या बाकाला हात टेकला आणि तो अर्धा उठला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तो उठला होता. मग पुन्हा बसला. वहिनीने मागे वळून पाहिलं नाही.

"मी," ती म्हणाली.

तेवढ्यात दाराशी गलबला झाला. शिपाई कुणाला तरी अडवत होता आणि ते माणूस ऐकत नव्हतं. डोक्यावर पदर, पायांवर पठारापासूनची धूळ. साळूबाई!

"मला बोलू द्या," ती म्हणत होती. "घरात कोन हो म्हनलं न्हाई. मी आले. बाईंना मीच सांगितलं हुतं. माजी पोर हुती ती."

आमच्या वकिलांनी धावपळ करून तिला साक्षीदार म्हणून उभं करण्याची परवानगी मिळवली. वहिनी तिच्याकडे बघत नुसती मान हलवत राहिली, नको, नको म्हणून. कारकुनाने नाव विचारलं.

"साळूबाई सहादेव फटांगरे." व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली इतक्या मोठ्यांदा तिने सांगितलं. मग ती कठड्यावरून कारकुनाकडे वाकली. "लिवलं का नीट? खाली माजं नाव घाला."

मला माझ्या भावाची लाज वाटत होती आणि कीवही येत होती. तो खाली मान घालून बसला होता.