आईच्या विड्याची पोच

देवापुढे काही मागावे आणि त्याची पोच मिळू नये, हे माझ्या स्वभावाला कधीच मानवले नाही. नोकरीचा सारा काळ मी न्यायालयाच्या कचेरीत आवक-जावक नोंदवह्या सांभाळल्या. निवृत्तीनंतर नांदेडच्या घरी बसून मी निरनिराळ्या कार्यालयांना पत्रे लिहू लागलो. उघडी गटारे, बंद पडलेले पथदिवे, आणि सर्वांत अधिक पत्रे बंदी असूनही शाळांच्या भिंतींना टेकून विकल्या जाणाऱ्या गुटख्यावर. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, तेही निष्फळ ठरले तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज. माहूरची रेणुका आमची कुलस्वामिनी. वर्षातून एकदा पायऱ्या चढून दर्शन घेण्याचा रिवाज मी पाळत असे; पण तो रिवाजच होता. माझी श्रद्धा देवीपेक्षा पोचपावतीवर अधिक होती, हे आज कबूल केले पाहिजे.

आणि ज्या पुडीविरुद्ध मी लढत होतो, ती माझ्याच मुलाच्या खिशात होती. तो लातूरला एका खासगी शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवतो. वय छत्तीस. पहाटे पाचला पहिली तुकडी, रात्री नऊला शेवटची. मध्ये मिळेल ते वडा-समोसा आणि जागे राहण्यासाठी गालात पुडी. पोट सुटले, झोप उडाली, दोन मजले चढताना धाप लागू लागली. मी समजावले नाही. समजावणे मला येत नाही. मी त्याला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ‘आपणांस याद्वारे कळविण्यात येते की, आपल्या तंबाखूसेवनामुळे कुटुंबाच्या हितास बाधा येत असून...’ चार दिवसांनी त्याचा फोन आला.

“नाना, नोटीस पोचली. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते ना?”

त्याची आई हसली. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

त्याच महिन्यात, दसऱ्यानंतरच्या रविवारी मी आणि मुलगा माहूरला गेलो. निम्म्या पायऱ्या चढलो आणि तो थांबला. कपाळ घामाने निथळत होते, हात छातीवर होता. पित्त असेल, सकाळी रिकाम्या पोटी चहा घेतलास, असे म्हणून मी त्याला पुढे चालण्यास फर्मावले. समोरच एक वृद्धा खलात तांबूल कुटत बसली होती. माहूरला आईचा प्रसाद म्हणजे हा तांबूल: विड्याची पाने, कात, बडीशेप एकत्र कुटलेला हिरवागार गोळा. त्यात तंबाखूचा कणही नसतो. चिमूटभर तोंडात टाकला की याला बरे वाटेल, या विचाराने मी हात पुढे केला. तिने मुलाच्या गालाकडे पाहिले आणि खल झाकला.

“तोंडातलं थुंकून ये अगोदर. आईचा विडा अशा तोंडात पडत न्हाई.”

माझा संताप अनावर झाला. प्रसाद नाकारण्याचा अधिकार तिला कोणी दिला, असे विचारून मी खिशातील वही काढली, वर ‘तक्रार’ असे लिहिले, खाली ‘विक्रेतीचे नाव’ असे लिहिले आणि तिला नाव सांगण्यास बजावले. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ती उठून मुलाजवळ गेली आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला.

“नाव लिहा मागून. लेकरू थंडगार पडलंय, बघा की. डावा हात दुखतो का रे?”

त्याने मान हलवली. जबडाही दुखतो, म्हणाला.

“माझा मालक असाच गेला. सगळे म्हनले, वायू हाय. आता एक पायरी चढायची न्हाई अन् उतरायची बी न्हाई.”

तिने डोलीवाल्यांना हाक मारली. म्हाताऱ्यांसाठी असलेल्या त्या डोलीत माझा तरणाताठा मुलगा बसला आणि मी मागून रिकाम्या हातांनी उतरू लागलो. खालच्या रुग्णालयात ईसीजी निघाला. डॉक्टरांनी लगेच गोळ्या चघळायला दिल्या आणि रुग्णवाहिका नांदेडकडे धावू लागली.

ते तीन तास मी कधी विसरणार नाही. जन्मभर मला ठाऊक होते की कोणत्या गोष्टीसाठी कोणाला लिहावे. त्या वाटेवर कोणाला लिहावे, तेच सुचेना. मुलगा डोळे मिटून पडला होता. ‘वायू’ हा वृद्धेचा शब्द कानातून जात नव्हता, कारण तो आमच्या घरचा शब्द होता. माझे थोरले बंधू लोहा गावी एक्केचाळिसाव्या वर्षी असेच छाती धरून बसले आणि गेले. घरात ठरले की छातीत वायू चढला. मला स्वतःला चाळिशीतच रक्तदाबाची गोळी सुरू झाली. ती मी कायद्याच्या पुस्तकांमागे लपवून ठेवीत असे. मुलाची सोयरीक जुळायची होती. घराण्यात हृदयाचा विकार आहे असे कळले तर स्थळे परत जातील, ही धास्ती होती. सोयरीक झाली, नातू झाला, तरी मी बोललो नाही. साऱ्या जगाकडून माहिती मागणाऱ्या माणसाने स्वतःच्या मुलापासूनच माहिती दडवून ठेवली होती. मी हात जोडले. “आई,” मी म्हटले, “हा अर्ज नाही आणि तक्रारही नाही. मी चुकलो. हे लेकरू तुझ्या स्वाधीन आहे.” त्यापुढे मला काही मागता आले नाही. मन मात्र त्या क्षणी इतके हलके झाले, की मला त्याचेच नवल वाटले.

नांदेडला त्याच्या बंद पडत आलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. दुसऱ्या दिवशी तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर घेतले. तंबाखू, कधीच न मोजलेला रक्तदाब, रक्तातली साखर, चरबी, दिवसभराची बैठक, अपुरी झोप. त्या एकेक गोष्ट सांगत गेल्या. मग त्यांनी विचारले, “घरात कोणाला हृदयाचा त्रास होता का?” मुलगा ‘नाही’ म्हणणार, तेवढ्यात मी बोललो. बंधूंचे सांगितले, माझ्या गोळीचे सांगितले, लपवण्याचे कारणही सांगितले. मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला.

बाई रागावल्या नाहीत. “बाकीचं सगळं आटोक्यात आणता येण्यासारखं होतं, काका,” त्या म्हणाल्या. “घराण्यातलं बदलता येत नाही, हे खरं. पण सांगता येत होतं.”

इतका सौम्य आणि इतका अचूक निकाल मी कोणत्याही न्यायालयात ऐकला नव्हता.

मुलगा खाटेवरून हळूच म्हणाला, “नाना, तीस दिवस व्हायच्या आतच उत्तर देतो. पुडी बंद.” आणि ती बंद झाली. सोपे गेले नाही. पहिले तीन महिने तो सर्वांवर चिडत असे. हा गुण त्याने कोठून घेतला, ते त्याच्या आईने मला सांगितलेच. त्याने रात्रीची तुकडी सोडली, पहाटे चालू लागला, रात्रीचे जेवण सूर्यास्ताकडे सरकवले. मग त्याने लातूरच्या आपल्या शिकवणीतील सर्व शिक्षकांचे रक्तदाब एका सकाळी मोजवून घेतले. त्यात दोघांचा चढलेला निघाला, दोघेही तिशीतले, दोघांनाही पत्ता नव्हता. आज त्यांची औषधे चालू आहेत. माझ्या सर्व पत्रांनी मिळून जे साधले नाही, ते त्या एका सकाळी साधले. मी अजूनही पत्रे लिहितो, अधिक त्वेषाने लिहितो. फक्त आता पत्र टाकून घरी येताना मन स्वस्थ असते.

पुढच्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही पुन्हा माहूरला गेलो. मुलगा एकदाही न थांबता चढला आणि वरून मला हसत हाका मारू लागला. धापा टाकीत होतो तो मी. ती वृद्धा जागेवरच होती. मुलाला तिने ओळखले नाही. इथे रोज किती जण दमतात, कोणाकोणाला लक्षात ठेवू, असे ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून तिचे डोळे बारीक झाले.

“तुमी तेच ना, नाव लिहून घेनारे?”

मी मान खाली घातली आणि वही काढली. ते पान तसेच होते. ‘तक्रार’ या शब्दावर मी रेघ मारली आणि तिच्यापुढे हात जोडले.

“सरूबाई,” ती म्हणाली. “आता लिहा.”

मी लिहिले. मुलाने तोंड उघडून दाखवले, जसे लहानपणी मला दाखवीत असे. सरूबाईने खलावरचे झाकण काढले आणि हिरवा गोळा त्याच्या जिभेवर ठेवला. आयुष्यात एवढी पत्रे पाठवली. ज्याच्यावर पत्ता नव्हता, त्या एकाच मागण्याची पोच मला अशी हातोहात मिळाली. दुसरा गोळा तिने माझ्या तळहातावर ठेवला, आणि मी सही न करता तो घेतला.