डबल क्लिकचं उद्घाटन

पुण्यात दोन वर्षं एका सॉफ्टवेअर कंपनीत काढून मी अमरावतीला परत आले, तेव्हा माझ्या बोलण्यातलं वऱ्हाडी 'मले' आणि 'तुले' गेलेलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. एका कला-वाणिज्य महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर संगणक शिकवू लागले. तासिका तत्त्वावर म्हणजे घंटा झाली की तुम्ही प्राध्यापक, पुढची घंटा झाली की कोणीच नाही.

कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपालाची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. तिथला सगळा कारभार एक बाबू बघायचे. पन्नाशी ओलांडलेले, तेल्हाऱ्याकडचे, गावी थोडं ओलिताचं वावर, म्हणजे शेत. शनिवारी गावी जायचे आणि सोमवारी सकाळी परस्पर ग्रंथालयात हजर. पुस्तकांची देवघेव ते एका भल्यामोठ्या रजिस्टरात लिहायचे. ते रजिस्टर पाहून मला त्यांची कीव आली. कोणी सांगितलेलं नसताना मी ग्रंथालयासाठी सॉफ्टवेअर लिहून टाकलं. ब्राउझरमध्ये पान उघडायचं, मुलाचा क्रमांक टाकायचा, पुस्तकाचा क्रमांक टाकायचा, झालं.

अडचण एवढीच होती की हे पान त्या एकाच जुन्या संगणकावर चालायचं, आणि ते चालण्याआधी दोन गोष्टी सुरू कराव्या लागायच्या. एक वेब सर्व्हर, जो पान दाखवतो. दुसरा डेटाबेस, ज्यात पुस्तकांच्या नोंदी राहतात. स्क्रीनवरच्या एका खिडकीत दोन बटणं होती आणि रोज सकाळी ती दोन्ही दाबायची होती. बाबूंना मी हे चार वेळा शिकवलं. पाचव्या दिवशी मी पहिला तास घेत असताना फोन आला.

"मॅडम, थे पान उघडून नाही राह्यलं."

"दोन्ही बटणं दाबली का?"

"एक दाबलं. दुसरं कालच दाबलं होतं ना."

मी वर्गातल्या मुलांकडे पाहून हसले. मुलंही हसली. त्या हसण्यात मला मोठं बरं वाटलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

रोजच्या फोनला कंटाळून मी बॅच फाइल केली. नोटपॅडमध्ये तीन ओळी लिहायच्या आणि फाइलच्या नावाला शेवटी 'बॅट' लावायचं, एवढंच ते काम. पहिली ओळ वेब सर्व्हर सुरू करणार, दुसरी डेटाबेस, तिसरी ब्राउझर उघडून ग्रंथालयाचं पान समोर आणणार. फाइलवर डबल क्लिक केलं की तिन्ही कामं आपोआप. माझ्या लॅपटॉपवर ती इतकी झटकन चालली की मी ती उगीच सात-आठ वेळा चालवून पाहिली. मग पेनड्राइव्हवरून बाबूंच्या संगणकावर टाकली आणि म्हणाले, "बाबू, आता दोन बटणं विसरा. यावर डबल क्लिक करायचं आणि बसायचं."

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, बसलो. पण पानावर लिहून येते, डेटाबेसशी संपर्क नाही म्हून."

"तुम्ही नक्की डबल क्लिकच केलं ना?"

"हाव ना. तुमी सांगतलं तसंच."

मी जाऊन पाहिलं तर पान व्यवस्थित उघडलेलं. मी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. असं तीन-चार दिवस झालं. मी पोहोचेपर्यंत सगळं ठीक, आणि माझं मत पक्कं होत गेलं की माणूसच नादुरुस्त आहे. एकदा ते काही सांगायला लागले, "मॅडम, माझ्या ध्यानात एक गोष्ट आली...", तर मी म्हणाले, "बाबू, ध्यानात काही आणू नका. फक्त क्लिक करा." पुण्यात मला माझा टीम लीडर अशाच आवाजात बोलायचा, आणि तेव्हा मला तो माणूस आवडत नसे.

याच दिवसांत कॉलेजच्या तपासणीसाठी बाहेरून समिती येणार असल्याचं पत्र आलं. प्राचार्यांना एकदम सगळीकडे तंत्रज्ञान हवंसं झालं. ते ग्रंथालयात आले, मी त्यांच्यासमोर डबल क्लिक केलं, दोन काळ्या खिडक्या उघडल्या, त्या दिवशी ब्राउझर उघडायलाच वेळ लागला, तोवर मी बोलत राहिले आणि पान आलं. प्राचार्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"म्हणजे एका क्लिकवर सगळं?"

"दोन, सर. डबल क्लिक."

"एकच म्हणा. समितीला एक बरं वाटेल." मग ते स्क्रीनजवळ वाकले. "पण हे काळं काय आहे?"

मी सांगितलं की बॅच फाइल चालते तेव्हा अशी खिडकी उघडते.

"उद्घाटनाला काळं नको. पिवळं करता येतं का? हळदीसारखं?"

पुण्यात शिकलेल्या सगळ्या विद्येचा मी त्या दिवशी असा उपयोग केला की फाइलमध्ये रंगाची एक ओळ वाढवली आणि काळी खिडकी पिवळी करून दिली. उद्घाटन होणार हेही मला त्याच वेळी कळलं. मराठी विभागाकडून नाव मागवण्यात आलं. आठवडाभराने नोटीस बोर्डावर लागलं: 'एकात्मिक स्वयंचलित ज्ञानप्रवाह प्रणालीचा लोकार्पण सोहळा.' माझ्या चार ओळींच्या फाइलपेक्षा तिचं नाव लांब झालं होतं. नोटिशीत संकल्पना म्हणून प्राचार्यांचं नाव होतं, मार्गदर्शन म्हणून संस्थेच्या अध्यक्षांचं, आणि खाली 'तांत्रिक साहाय्य: संगणक विभाग.' संगणक विभागात मी एकटी होते, त्यामुळे ते वाचून मी मनातल्या मनात स्वतःचं नाव घेतलं.

सोहळ्याच्या दिवशी संगणकाला झेंडूचा हार घातला. हाराची दोन फुलं कीबोर्डवर लोंबत होती. माउसखाली लाल मखमल अंथरली, तिच्यावर माउस हलेना, तेव्हा मी ती काढून बाजूला ठेवली आणि प्राचार्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. बाबूंना मागच्या कपाटापाशी उभं केलं होतं. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

अध्यक्ष आले, नारळ फुटला, भाषणं झाली. प्राचार्यांनी सांगितलं की या प्रणालीमुळे आपलं महाविद्यालय जगाशी जोडलं जाणार आहे. त्या संगणकाला इंटरनेटची वायरसुद्धा नव्हती. मग अध्यक्ष खुर्चीत बसले आणि त्यांनी फाइलवर डबल क्लिक केलं.

जुना संगणक. क्षणभर काहीच झालं नाही. फोटोवाला म्हणाला, "साहेब, हात जरासा वर. पुन्हा एकदा." अध्यक्षांनी पुन्हा डबल क्लिक केलं. "इकडे बघून, साहेब." पुन्हा. तेवढ्यात पहिल्या पिवळ्या खिडक्या उघडल्या, त्यामुळे अध्यक्षांना वाटलं की आपल्या हातून काहीतरी घडतंय, आणि ते उत्साहाने क्लिक करत राहिले. स्क्रीनभर पिवळ्या खिडक्या एकीवर एक चढल्या. संगणकाचा पंखा घरघरायला लागला. शेवटी सगळ्यांच्या वर पान आलं आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही.

ते वाक्य मीच लिहिलेलं होतं. शुद्ध मराठीत, तेही अभिमानाने.

प्राचार्य शांतपणे माइकपाशी गेले आणि म्हणाले, "सध्या आपल्या भागात नेटवर्कची समस्या आहे." जमलेल्यांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेतला एक प्राध्यापक म्हणाला, "हो, माझाही फोन सकाळपासून लागत नाहीये." टाळ्या झाल्या आणि लोक नाश्त्याकडे गेले.

ग्रंथालयात मी आणि बाबू उरलो. मी खुर्चीत बसले होते. बाबू एकेक पिवळी खिडकी बंद करत होते. सगळ्या झाल्यावर त्यांनी आपलं रजिस्टर आणलं आणि शेवटचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. तिथे त्यांनी रोजच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. डबल क्लिक केलं ती वेळ, संपर्क नाही असं आलं ती वेळ, आणि काही न करता पुन्हा पान उघडलं तर चाललं ती वेळ. दर दिवशी मधलं अंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास.

"हे तुम्ही मला सांगितलं काहून नाही?" मी म्हणाले. 'काहून' तोंडातून कसं निघालं, मलाच कळलं नाही.

"सांगत होतो ना. तुमी म्हणल्या ध्यानात काही आणू नोका." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. मग ते म्हणाले, "मॅडम, आमच्या वावरात इहिरीवर मोटर आहे. बटण दाबलं का लगेच शेवटच्या झाडापाशी पाणी येते का? पहिले पाइप भरा लागते. तुमचं थे दुसरं जे आहे, डेटाबेस, थो पाइप भरून राह्यला असते. अन् तुमचं पान आधीच पाणी मागाले उभं राह्यते. त्याले जरासं थांबू द्या ना."

गोष्ट खरी होती. माझ्या वेगवान लॅपटॉपवर डेटाबेस डोळ्याचं पातं लवायच्या आत उठायचा. बाबूंच्या संगणकाला वेळ लागायचा, आणि माझी तिसरी ओळ त्याच्यासाठी थांबतच नव्हती. मी दर वेळी पोहोचायचे तोवर ते अर्धं मिनिट कधीच उलटून गेलेलं असायचं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे फळ्यावर शिकवत होते: ज्याच्यावर दुसरं अवलंबून आहे ते आधी सुरू करा आणि ते तयार झाल्याची खात्री करा.

मी तिथेच बसून फाइल बदलली. आधी डेटाबेस, मग थोडं थांबणं, मग तो खरंच तयार आहे का हे विचारणं, मग वेब सर्व्हर, शेवटी पान. शिवाय एकदा सुरू असेल तर दुसऱ्यांदा सुरूच न होणं, म्हणजे कोणी अध्यक्ष आले तरी निभावेल. रंग पुन्हा काळा केला. दुसऱ्या दिवशीपासून फोन बंद झाले.

प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सर, मी लॉजिक बदललं." बाबूंचं नाव घेतलं नाही. प्राचार्यांनी माझं नाव नोटिशीत घातलं नव्हतं त्याला चार दिवसही झाले नव्हते, आणि मी तेच करून मोकळी झाले.

पुढे ही प्रणाली संस्थेच्या अकोल्याच्या कनिष्ठ महाविद्यालयाला द्यायचं ठरलं. माझ्याशी न बोलताच प्राचार्यांनी ती कोणाच्या तरी हाती पाठवूनही दिली. पंधरा दिवसांनी तिथल्या पर्यवेक्षक बाईंचा फोन आला. "मॅडम, तुमची प्रणाली उघडते अन् लगेच बंद होऊन जाते. आमच्याकडचा स्टाफ म्हणते, लय फास्ट आहे."

मी जायला निघाले तेव्हा प्राचार्यांना म्हणाले, "बाबूंनाही सोबत पाठवा, सर." का, ते त्यांनी विचारलं नाही. आम्ही बडनेऱ्याहून रेल्वेने अकोल्याला गेलो.

पर्यवेक्षक बाईंनी चहा मागवला आणि कपाटातून एक फाइल काढली. आत पारदर्शक कव्हरमध्ये एकच कागद होता. त्यावर माझ्या बॅच फाइलमधल्या ओळी छापलेल्या, खाली 'सत्यप्रत' असा शिक्का, सही, आवक क्रमांक. "हार्ड कॉपी ठेवून घेतली," त्या म्हणाल्या. "संगणकाचा भरोसा नसते ना."

झालं असं होतं की प्राचार्यांनी पेनड्राइव्हवर फक्त ती बॅच फाइल पाठवली होती. वेब सर्व्हर नाही, डेटाबेस नाही, सॉफ्टवेअर नाही. घरात विहीर नाही, मोटर नाही, नुसतं भिंतीवरचं बटण आणून बसवलं होतं. मी बाईंना समजावू लागले. सर्व्हर म्हणजे काय, डेटाबेस म्हणजे काय, पाथ म्हणजे काय. बाई आणि त्यांचे दोन कारकून अदबीने ऐकत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नव्हतं.

बाबूंनी कप खाली ठेवला. "बाई, हे चिठ्ठी आहे. चिठ्ठीत लिहिलं आहे, अमक्याले उठवा, तमक्याले उठवा. थे लोकच तुमच्या घरी नाहीत, तं उठन कोण?"

"हात्तिच्या," बाई म्हणाल्या. "मंग त्या लोकायले आणा ना."

दुपारपर्यंत मी सगळं बसवलं. बाबूंनी कारकुनांना शिकवलं, थांबायचं का ते पाइपासकट सांगितलं, आणि मी मध्ये एकदाही बोलले नाही.

परतताना गाडीत आम्हाला समोरासमोर जागा मिळाली. मूर्तिजापूर गेल्यावर मी म्हणाले, "बाबू, ते थांबायचं तुम्ही सांगितलं होतं. मी सरांना माझंच म्हणून सांगितलं."

"माईत आहे मले," ते म्हणाले. "तुमी तरी सांगतलं."

मी प्राचार्यांकडे गेले आणि खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "छान, छान. टीमवर्क." कॉलेजच्या वार्षिक अहवालातही श्रेय नोटिशीतल्यासारखंच छापलं गेलं. मग माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. बॅच फाइलमध्ये शेरा लिहायला एक ओळ घालता येते. संगणक ती ओळ वाचत नाही, सोडून पुढे जातो. सगळ्यात वर मी ती ओळ लिहिली: थांबण्याची सूचना यांची, आणि पुढे इंग्रजी अक्षरांत बाबूंचं पूर्ण नाव. त्यांना बोलावून दाखवलं.

"हे कोण वाचते?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही. संगणकसुद्धा नाही."

त्यांनी वाकून, बोट फिरवत आपलं नाव वाचलं. "मॅडम, आमच्या आडनावात डब्ल्यू लागते. तुमी व्ही लावला."

मी व्ही खोडला, डब्ल्यू लावला आणि फाइल सेव्ह केली.