साफ केलेला आवाज

फाटलेल्या आवाजाचा मला लहानपणापासून राग आहे. वडील रेल्वेत होते, आणि जयंतीला, परित्राण पाठाला आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, विहाराचा माइक तेच सांभाळायचे. भोंगा जरा कर्रकर्र करायला लागला की त्यांचा चेहरा पडायचा. "मागं लेकरू मांडीवर घेऊन बसलेल्या बाईले शब्द गेला नाही, त आपण बोललोच नाही," असं ते म्हणायचे. त्यांच्यानंतर माइक माझ्याकडे आला. एरवी सिलतऱ्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, सुटीच्या दिवशी विहाराचा माइकवाला. आवाज साफ करण्यात मी वडिलांच्याही पुढं गेलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

विहारात नवीन सेट आला तेव्हा जुना ॲम्प्लिफायर कमिटीनं मला देऊन टाकला. पत्र्याची जड पेटी आणि आत तापून लाल होणारे काचेचे व्हॉल्व्ह. ती बरीच वर्षं दिवाणाखाली पडून होती. मग बायको गेली, पुढच्या वर्षी मी रिटायर झालो, आणि भनपुरीच्या घरात एकटा उरलो. रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न सोडले तर दिवसभर कानावर काही पडत नाही.

मुलगा बंगलोरला नोकरीला. इकडच्या हिंदी मुलखात वाढला, त्यामुळे मराठी त्याला सगळी समजते, उत्तर हिंदीत देतो. आईशी तास-तासभर फोनवर बोलायचा. माझ्याशी तब्येत, जेवण, गॅसचं सिलिंडर, संपलं. घरी आला तरी बॅग ठेवतो न ठेवतो तोच तेलीबांध्याला मित्रांकडे पळतो, तिथं त्यांचं गिटार-ड्रमचं चालतं. त्याची कॉलेजातली गिटार मात्र आमच्याच भिंतीला लटकलेली. मला वाटलं, घरातच वाजवायची सोय झाली तर पोट्टा घरात बसेल. सरळसरळ स्वार्थी विचार होता.

पेटी बाहेर काढली. माइकच्या जागी गिटारची पिन बसेल असं सॉकेट टाकलं. भोंग्यांची जोडणी काढून बंद पडलेल्या रेडिओग्राममधला मोठा स्पीकर लावला. असल्या पेट्या प्लग काढल्यावरही आत करंट धरून ठेवतात, म्हणून एक हात पाठीमागे ठेवूनच काम करायचं, ही वडिलांची शिस्त. बायको असती तर त्या मागच्या हातात चहाचा कप दिला असता आणि वरून दोन शब्द ऐकवले असते.

पहिल्यांदा चालू केली तेव्हा मुलाला व्हिडिओ कॉल लावला. मला गिटार येत नाही, सगळ्या तारांवरून नुसता अंगठा फिरवला. आतले कंडेन्सर जुने, सुकलेले. आवाज असा काही फाटला की मीच ओशाळलो. मुलगा मात्र तिकडे उठून बसला.

"पापा! ये क्या चीज़ है! ऐसे ही रखना, इसमें कुछ मत करना. मैं आ रहा हूँ."

म्हाताऱ्याला त्रास नको म्हणून पोरगं बोलतंय, असं मी धरून चाललो. आमच्यात पाहुणा 'चहा नको' म्हणाला की आपण आधण ठेवतोच, तसंच.

दोन महिने जीव ओतून काम केलं. एकेक कंडेन्सर बदलला, नवे व्हॉल्व्ह मागवले. घरघर काढली, खरखर काढली. शेवटी आवाज कुठंच फाटू नये म्हणून एक जास्तीची वायर टाकली. बाहेर जाणारा आवाज थोडा परत आत आणून ती त्याला ताळ्यावर ठेवते. जुने भाग कचऱ्याच्या गाडीत गेले. बायको गेल्यापासून इतक्या आनंदात मी नव्हतो. एकदा जुना माइक जोडून "हॅलो, हॅलो" म्हणून पाहिलं. रिकाम्या घरात माझाच आवाज इतका स्वच्छ आला की मी पटकन बटण बंद केलं.

मुलगा आला, चार दिवसांसाठी. बूटही न काढता त्यानं गिटार उतरवली, पिन लावली, वाजवलं. थांबला. सगळी बटणं पार उजवीकडे फिरवली. पुन्हा वाजवलं.

"बहुत साफ़ है, पापा."

"आहे न? एक सूर दुसऱ्यावर चढत नाही, पाह्य."

"हाँ. पर वो वाली आवाज़ कहाँ गई? जो फट रही थी?"

"काढली. दोन महिने लागले."

त्यानं गिटार मांडीवर आडवी ठेवली. "वही तो चाहिए थी. गिटार वाले उसी के लिए पुराना ॲम्प ढूँढते हैं. मैंने बोला था न, कुछ मत करना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "काहून बे? आमची जिंदगी गेली हे फाटणं काढता काढता, अन् तुले तेच पाहिजे?"

त्यानं गिटार परत उचलली. अर्धा तास वाजवत बसला, पण ते माझं मन राखायला होतं, आणि मला ते कळत होतं. संध्याकाळी तेलीबांध्याला गेला. दुसऱ्या दिवशीही गेला.

तिसऱ्या दिवशी तो बाहेर पडल्यावर मी स्कूटर काढली आणि इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात जाऊन विचारलं, "खराब कंडेन्सर मिलेगा? एकदम सूखा हुआ?"

दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. "भैया, नया तो आप ही ले गए थे मेरे से. अब खराब काहे को?"

"लड़के के लिए," मी म्हणालो. तो हसला, मीही हसलो. बाहेर येऊन स्कूटरपाशी उभा राहिलो आणि मला रडू आलं.

घरी येऊन पेटी उघडली. फेकलेलं परत येणार नव्हतं, पण ती जास्तीची वायर तर माझ्या हातात होती. ती कापली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा आणखी दोन-तीन जागी मुद्दाम बिघाड केला. वडील असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारचं विमान होतं. सकाळी त्याला म्हटलं, "लावून पाह्य एकदा."

पहिल्याच फटक्याला खिडकीची काच थरथरली. त्याचा चेहरा असा फुलला, जसा आई दार उघडायची तेव्हा फुलायचा. तो तासभर वाजवत राहिला. मला तो आवाज अजिबात आवडला नाही, पण मी खुर्चीवरून हललो नाही.

गाडी दारात आली तेव्हा मी धीर करून म्हणालो, "पुढच्या टायमाले आठ दिवस ये. हे असंच ठेवतो मी, हात नाही लावत."

तो बॅगेची चेन लावत होता. लावली, उघडली, परत लावली.

"पापा, मैं ॲम्प के लिए बाहर नहीं जाता."

"मंग?"

"मम्मी थीं तो घर में बैठता था. आपके साथ बैठता हूँ तो समझ में नहीं आता क्या बात करूँ. इसलिए निकल जाता हूँ."

राग यायला हवा होता, आला नाही. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

"मलेबी नाही समजत," मी म्हणालो. "तू आला की सकाळपासून शोधून राहतो मी, काय बोलू याच्याशी."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तरी तो जागचा हलला नाही. मीही नाही. दोघं दारात तसेच उभे राहिलो, आणि त्यापुढं काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. मग तो गाडीत बसला.