सव्वीस आयुधपूजांचा रंग

गदग भागात पाण्याचा पंप कुरकुरला की सुवर्णक्काला बोलावणं यायचंच. स्कूटरवर पुढे करडी पेटी, पेटीत पाइप न कापता बाहेरूनच आवाजाच्या लहरींनी पाणी मोजणारं यंत्र, आणि डिकीत गिरमिटाचा, म्हणजे मसाला लावलेल्या चुरमुऱ्यांचा पुडा. सासू कौतुकाने सांगायची, "आमची सून डॉक्टर आहे. पेशंट बोलत नाहीत, एवढंच."

हिरेकेरीच्या पंपघरात फकीरप्पा तिची वाट बघत होता. सव्वीस वर्षं पंप त्याच्याच हाताखाली. गावात पाणी कमी येतं, म्हणजे पंप म्हातारा झाला, असं ठरवून इंजिनिअरसाहेबांनी तो भंगारात काढायचा कागद तयार ठेवला होता. संध्याकाळपर्यंत यंत्राने तासाला दोनशे घनमीटर दाखवले तर पंप राहणार, नाहीतर साहेबांची सही.

"अक्का, माझा पंप चांगलाय."

"सगळे आईबाप हेच सांगतात," म्हणत तिने यंत्राचे दोन्ही सेन्सर पट्ट्याने पाइपला आवळले. सिग्नल शून्य.

"वरच्या बाजूला लावून बघा."

"वर हवा साठते, खाली गाळ. हे मधे, पाइपच्या कुशीतच लावायचे असतात."

"मग तुमचं यंत्रच बिघडलंय."

"तेही बघू." तिने सेन्सर काढले, जेल लावून एकमेकांना तोंडाला तोंड चिकटवले. सिग्नल ठणठणीत. "माझी दोघं तर छान बोलतायत. तुमचाच पाइप रुसलाय."

तिने पाइपचा घेर पुन्हा मोजला, सेन्सरमधलं अंतर सूतभर सरकवलं. शून्यच. तीन वाजले. साहेबांचा फोन आला, "लिहून टाका ना अक्का, प्रवाह नाही."

"सिग्नल नाही म्हणजे प्रवाह नाही असं कुठाय, साहेब? फोन लागला नाही म्हणून माणूस गेला म्हणायचं का?"

फोन ठेवून तिने पाइपवर नखाने टिचकी मारली. लोखंडाचा आवाज येईना, नुसतं भद्द.

"फकीरप्पण्णा, हा रंगवता कधी?"

"दर दसऱ्यात, आयुधपूजेला. धुतो, निळा हात देतो, वर हळदकुंकू, विभूतीचे तीन पट्टे. एक वर्ष चुकलेलं नाही."

"आधीचा रंग खरवडून?"

"पूजेच्या वस्तूला कुणी खरवडतं का, अक्का?"

"सव्वीस थर झाले. मधे हवेचे फुगे धरलेत. माझा आवाज तुमच्या भक्तीतच अडकतोय." तिने पेटीतली पटाशी त्याच्यापुढे धरली. "तळहाताएवढ्या दोन जागा, लोखंड चकाकेपर्यंत. तुमचा देव, तुम्हीच काढा."

फकीरप्पाने पटाशीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग चपला काढल्या, पाइपला हात जोडले आणि खरवडायला बसला. निळे पापुद्रे, निळेच पापुद्रे, मधेच एक हिरवा.

"त्या वर्षी निळा मिळाला नव्हता," तो पुटपुटला.

जेल, सेन्सर, पट्टा. आकडा आधी नाचला, मग दोनशे बारावर बसला. सुवर्णक्काने दहा मिनिटं त्यावर नजर ठेवली. आकडा हलला नाही, तेव्हा तिने कागदावर लिहिला.

"मग पाणी जातं कुठं?" फकीरप्पाने विचारलं.

"वाटेत गळतंय. ते साहेबांनी शोधावं." तिने गिरमिटाचा पुडा सोडला. "बसा. खाऊन घ्या."

पुढच्या आयुधपूजेला ती त्या वाटेने जाताना पंपघरात डोकावली. पाइप निळाशार, फक्त कुशीला दोन जागा उघड्या, गंज नको म्हणून ग्रीस चोपडलेल्या. त्यावर कुंकवाचा एकेक ठिपका.

"एवढ्याने अडत नाही ना, अक्का?"

"पुसून घेईन," म्हणत तिने प्रसादाला हात पुढे केला.