नोंदीत नसलेली विद्यार्थिनी

आमच्या कॉलेजच्या फाटकाजवळ सायकली लावायची पत्र्याची शेड होती. जून लागला की तिथं आम्ही एक टेबल मांडायचो, ते पार परीक्षा संपेपर्यंत. टेबल चहावाल्याचं, सतरंजी माझ्या घरची, शाईची दौत वर्गणीतून घेतलेली. मागं फलक : ‘विद्यार्थी मदत केंद्र. फी नाही, ओळख नाही, वशिला नाही.’ ओळ माझीच. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि अशा ओळी मला झोपेतही सुचायच्या. पत्रकं छापायचं सायक्लोस्टाईलचं यंत्र फिरवून माझा उजवा पंजा कायम काळा असायचा. तो मी मुद्दाम धूत नसे.

काम साधं होतं. प्रवेशाचा अर्ज, फीसवलतीचा अर्ज, पटवाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला, आधीच्या वर्षाची गुणपत्रिका आणि विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक. खेड्यातून बारा-बारा कोस तुडवत आलेल्या पोरांना हे पाच कागद म्हणजे पाच कुलपं वाटायची. आम्ही ती उघडून द्यायचो. माझी पक्की समजूत होती, की ही कुलपं ऑफिसातल्या लोकांनी स्वतःच्या चहापाण्यासाठी लावलेली आहेत. काही होतीही तशी, ते मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पण नियमांचं पुस्तक मी एकदाही उघडलेलं नव्हतं. मी फक्त हेडक्लार्कचं, म्हणजे बड्या बाबूचं तोंड वाचायचो, आणि त्या तोंडावर मला नेहमी लबाडीच दिसायची.

ती माझ्याच वर्गातली. माहेर वडनेर भोलजीचं. वर्गात पोरी चार, त्यांतली सगळ्यात हुशार ही. मे महिन्यात लग्न होऊन ती वरवट बकालला गेली. नवरा फौजेत. लग्नानंतर पंधरा दिवसांत तो परत सीमेवर गेला, आणि त्याचं पत्र यायला महिना लागायचा. घरी सासरा एकटा. वांगी-मिरचीचा मळा होता त्याचा.

जूनमध्ये ती टेबलाशी आली. सासरा फाटकाबाहेर पिशवी धरून उभा.

“भाऊ, बडे बाबू माया अर्ज घेत नाहीत.”

“काऊन?”

“नाव बदललं म्हणतात.”

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून सुनेचं नवं नाव लिहितात. बहुतेक घरी ती हौस असते. तिच्या बाबतीत हौस नव्हती. तिचं माहेरचं नाव आणि सासूचं नाव एकच होतं. सासू लग्नाआधीच्याच हिवाळ्यात वारलेली. सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही आणि नवऱ्यानं बायकोचं, ही रीत. मग त्याच नावानं सुनेला हाक मारायची कोणी? म्हणून नाव बदललं. पटवाऱ्यानं उत्पन्नाचा दाखला दिला तो नव्या नावानं, पालक म्हणून सासऱ्याची सही. आणि विद्यापीठात तिची दोन वर्षांची नोंद जुन्या नावानं.

बड्या बाबूनं तिला सांगितलं होतं, “दोन्ही नावं एकाच बाईचे, असं पालकानं मॅजिस्ट्रेटसमोर लिहून द्यावं लागते. ते आना. नाही तं जुनंच नाव ठेवा अन् सवलत सोडा.”

सवलत सोडणं तिला शक्य नव्हतं. सासऱ्यानं शब्द दिला होता तो मोजूनमापून : “एक साल. फी मी भरनार नाही. पास झाली तं संग्रामपूरच्या शाळेत मास्तरीन होजो. नाही झाली तं मळा हायेच.” म्हणजे हे एकच वर्ष. यंदाची परीक्षा हुकली की शिक्षण संपलं. हे तिनं मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

मी उठलो. ऑफिसात गेलो. टेबलावर थाप मारली.

“मॅजिस्ट्रेट कायले पाह्यजे तुमाले? बाई तीच, डोळे तेच, अक्षर तेच. गरिबाच्या लेकीले खेटे मारायला लावता? उद्या मोर्चा आणतो इथं!”

बाबूनं चष्मा वर केला. “बसा, पुढारी. बसून ओरडा, घसा कमी दुखते.” मग अर्ज ओढून घेतला. “घेतो. पन मी घेतला म्हनजे विद्यापीठ घेते, असं नाही.”

मला ती धमकी वाटली. पैसे मागायची आडवळणाची रीत वाटली. त्यानं अर्जाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं एक बारीक फुली मारली, ती मी पाहिली. खुन्नस, म्हटलं. दुसरं काय?

बाहेर येऊन मी तिला म्हणालो, “झालं काम. पुढचे सगळे कागद नव्याच नावानं भरजो. कोनी अडवलं तं माह्याकडे ये.”

ती म्हणाली, “पन भाऊ, ते लिहून द्यायचं होतं ते देऊन टाकलं असतं तं…”

“काही लागत नाही,” मी म्हणालो.

हे तीन शब्द माझे आहेत. बाबूचे नाहीत, सासऱ्याचे नाहीत.

पुढचे महिने वरून बरे गेले. ती वरवटहून एस.टी.नं यायची, मांडीवर वही ठेवून गाडीतच वाचायची. हजेरीत नवं नाव पुकारलं की सुरुवातीला तिला आपलं वाटायचंच नाही. मास्तर दोनदा पुकारायचे, मग शेजारची ढोसायची. पोरं हसायची. मीही हसलो. दिवाळीनंतर परीक्षेचे अर्ज गेले. बाबूनं गठ्ठा बांधताना तिचा अर्ज सगळ्यात वर ठेवला आणि पुन्हा काढून सगळ्यात खाली ठेवला. मी खिडकीतून बघत होतो.

विद्यापीठाचं पाकीट माघात आलं. सगळ्यांचे अर्ज मंजूर, एक परत. त्यावर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं : ‘या नावाची विद्यार्थिनी नोंदीत नाही.’ खाली मुदत, आठ दिवसांची.

बाबूनं मलाच बोलावलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “कोरा स्टँप पेपर घ्या. मजकूर मी लिहून देतो. पालकाची सही सवलतीच्या अर्जावर आहे, त्याचीच इथं पाह्यजे. बापाची चालत नाही, नवऱ्याची यायले महिना लागते. जा. अन् पुढारी, तिथं भाषन करू नका.”

मी वरवटला गेलो. सासरा मळ्यात मिरची तोडत होता. शेजारच्या दोन-तीन बाया कामाला, सूनही त्यांच्यात. त्यानं मला झाडाखाली बसवलं, पाणी दिलं, स्वतः उकिडवा बसला.

“वाच बाप्पा, काय लिवलं ते. बारीक अक्षर मले दिसत नाही आता.”

मी वाचायला लागलो. भाषण करू नको म्हटलं होतं, पण आवाज माझा मुळातच फाटका आहे. ‘माझी सून, लग्नापूर्वीचे नाव…’ आणि ते नाव मी खणखणीत वाचलं.

मळ्यातले हात थांबले. एका म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. सून खाली बघत होती. म्हातारा माझ्या पायाजवळच्या ढेकळाकडे बघत राहिला.

“पुन्हा नको वाचू,” तो म्हणाला.

“पन हे तुमाले मॅजिस्ट्रेटपुढं कबूल करा लागते, बाबाजी. तिथं वाचून दाखवतात, अन् तुमी हो म्हनायचं.”

“चाळीस वर्सं संसार केला लेकरा. ते नाव मी कदी तोंडातून काढलं नाही. जिती होती तवा नाही. सरनावर ठेवली तवाबी नाही. आता कचेरीत चार मानसाइत उभा राहून घेऊ?”

“तुमच्या बायकोचं नाही हो, सुनेचं!”

“नाव तं एकच हाये ना बे?”

मी आवाज आणखी चढवला. अंधश्रद्धा म्हणालो, पोरीचा गळा कापता म्हणालो. तो उठला, धोतर झटकलं. “कागद ठेवून जाय. मले दोन-तीन दिस दे. पाह्यतो.”

‘पाह्यतो’ म्हणजे नाही, असं मी धरलं. पुढाऱ्यांचं ‘पाहतो’ मला ठाऊक होतं. मळेकऱ्याचं ठाऊक नव्हतं. परतीच्या एस.टी.तच पत्रकाचा मथळा तयार झाला : ‘सुनेचं नाव कोणी गिळलं?’ गावाचं नाव टाकलं नाही, सासऱ्याचंही नाही. एवढी अक्कल होती. पण ‘वांगी-मिरची पिकवणारा एक सासरा, मुलगा फौजेत’ असं लिहिलं, आणि मधोमध, बोटाएवढ्या अक्षरांत, तिचं जुनं नाव. मला वाटलं, जे नाव हिच्याकडून काढून घेतलं ते आपण हिला परत देतोय. दोनशे प्रती काढल्या. बाजाराच्या दिवशी वरवटला जाऊन शंभर वाटल्या.

बाजारात कागद फुकट मिळाला तर त्याचं काय होतं, हे खेड्यात वाढलेल्या माणसानं विसरावं? दुपारपर्यंत माझं पत्रक भज्यांच्या गाड्यावर पोचलं होतं. हळकुंडांच्या, तिखटाच्या पुड्या त्यात बांधल्या जात होत्या. आणि त्या गावात त्या नावाची माणसांना आठवणारी बाई एकच. सून नव्हे, तिला त्या नावानं गावात कोणी ओळखतच नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी दोघं कॉलेजात आले. मी धावत ऑफिसात गेलो. सासऱ्यानं पिशवीतून स्टँप पेपर काढून बाबूपुढे ठेवला. सही नव्हती.

“हिचा दाखला द्या,” तो म्हणाला. “कॉलेज सोडल्याचा.”

“आजचा दिस हाये अजून,” बाबू म्हणाला. त्याचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. “पाच वाजेपर्यंत आनलं तरी मी मानूस पाठवतो, गाडीनं.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. बोलली ती, माझ्याकडे तोंड करून. “मामाजी कचेरीत जाऊन आले होते, भाऊ. तिथल्या कारकुनाले विचारलं. तो म्हने, नाव मोठ्यानं घेत नाही, कागदावर बोट ठेवतो, तुमी नुसती मान हालवा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जानार होते. स्टँपवर सही कराले नवी दौतबी आनली होती.”

“मंग जा ना आता! आत्ता जा!” मी म्हणालो.

म्हातारा पहिल्यांदा माझ्याकडे वळला. रागावलेला नव्हता. “भज्याच्या तेलात पाह्यलं मी तिचं नाव,” तो म्हणाला. “खाऊन बोटं पुसले लोकाइनं. आता त्या नावावर मान हालवनार नाही मी. कोनासाठीच नाही.”

“बाबाजी, माझी चूक, पन तिचा काय दोष? हा सरळ सरळ अन्याय—”

“पुरे, भाऊ,” ती म्हणाली. “आता तुमी बोलू नका.”

बाबूनं रजिस्टर उघडलं. एक एक रकाना भरत गेला. जन्मतारीख. प्रवेशाचं वर्ष. वर्तणूक : चांगली. मग टाक थांबला.

“कॉलेज सोडन्याचं कारन?”

बाबूनं आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि लिहिलं : ‘स्वखुशीने.’

“हे खोटं आहे!” मी ओरडलो.

“मंग काय लिहू, पुढारी?” त्यानं टाक माझ्यापुढं धरला. “तुमचं नाव लिहू?”

मी टाक घेतला नाही.

सही नोंदीतल्या नावानंच हवी होती. ती वाकून लिहीत असताना म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिनं संथपणे लिहिलं, एकही अक्षर तुटू न देता. बाबूनं टीपकागद दाबला आणि दाखला तिच्या हातात दिला.

दारात ती थांबली.

“किती पत्रकं उरले?”

“शंभर.”

“आना.”

मी शेडखालून गठ्ठा आणला. वरची प्रत तिच्या बाजूला येऊ नये म्हणून उलटा धरून दिला. तिनं तो दप्तरात भरला. त्यासाठी दोन पुस्तकं काढून हातात घ्यावी लागली. फाटकाबाहेर म्हातारा तिची वाट बघत उभा होता. तो पुढं झाला, ती मागून गेली. मी टेबलाशी परत आलो तेव्हा तिथं फॉर्म घेऊन तीन पोरं उभी होती.

“भाऊ, इथं सही बापाची लागते का माही?” एकानं विचारलं.

“मले माहीत नाही,” मी म्हणालो. “बड्या बाबूले विचार.”